३६० किलोमीटर म्हणजे किती वर्षं?

हल्ली कुठल्याही दोन विमानतळांची नावं टाकली की त्यांच्यातलं अंतर आणि उड्डाणाचा वेळ क्षणात सांगणारी यंत्रं मोबाइलवर फुकट मिळतात. सोलापूर आणि मुंबई टाकून बघा. उत्तर येतं : सुमारे ३६० किलोमीटर, एक तास. खाली सौजन्य म्हणून समुद्री मैलांतला आकडाही देतात, १९५ च्या आसपास. लाट बघायची तर अख्खा दिवस गाडीत बसावं लागणाऱ्या जिल्ह्याचं अंतर समुद्री मैलांत मोजायचं, यातली गंमत यंत्राला कळत नाही. यंत्राचं सोडा, ती दिल्लीलाही कळत नाही.

हा एक तास येतो कुठून, तेही पाहून घेऊ. पृथ्वीच्या गोलाईवरून दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट काढायची, तिला ताशी आठशे किलोमीटरने भागायचं आणि चढण्या-उतरण्यासाठी वर अर्धा तास टाकायचा. ३६० भागिले ८०० म्हणजे सत्तावीस मिनिटं. त्यात तीस मिळवा, सत्तावन्न झाली. म्हणजे बघा, या प्रवासात विमान पुढे पळतं अर्ध्या तासाहून कमी, आणि वर चढणं, खाली उतरणं, धावपट्टीकडे रांगत जाणं याला पुरता अर्धा तास. गणित बिनचूक आहे. त्यात फक्त सोलापूर धरलेलं नाही.

सोलापूर धरायचं म्हणजे काय काय धरायचं? एक साखर कारखाना, एक चिमणी, एक पक्षी, वनखातं, चक्री उपोषण, ऑनलाइन फीत, आणि आठवड्यातले ठरावीक वार. हे सगळं मिळवलं की ३६० किलोमीटरला तास लागत नाही, वर्षं लागतात. किती, ते मोजूनच सांगतो.

होटगी रस्त्यावरच्या विमानतळावरून २००९-१० च्या सुमारास किंगफिशरचं विमान मुंबईला जात होतं. पंख्याचं, छोटं. ते बंद पडलं. पुढे २०१२ मध्ये ती कंपनीच जमिनीवर आली आणि तिचे मालक मात्र २०१६ मध्ये लंडनला उडाले. त्या प्रवासाचं अंतर आणि वेळ यंत्र अचूक सांगतं, परतीचं मात्र आपल्या न्यायालयांना अजून काढता आलेलं नाही. असो. सोलापुरातून मुंबईला पुन्हा नियमित विमान गेलं १५ ऑक्टोबर २०२५ ला. मधली पंधरा वर्षं होटगी रस्त्यावर विमानतळ होता, धावपट्टी होती, पाटी होती, पहाऱ्याला पोलीस होते. पुढाऱ्यांची खासगी विमानं आणि हेलिकॉप्टरं उतरत होती. सभा असली की विमानतळ चालू, सभा उठली की बंद. लोकशाहीत हवाई वाहतूक कोणासाठी असते, याची प्रात्यक्षिकं दर निवडणुकीला होत होती.

आता एक जुना हिशोब काढतो. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली १६ एप्रिल १८५३ ला. सोलापूरला रेल्वे पोचली १८६० साली. सात वर्षं. बोरघाट फोडून मुंबई आणि पुणे सलग जोडायला १८६३ उजाडलं. तरी सगळं मिळून दहा वर्षं झाली. कुदळी, पहारी, सुरुंग, पटकीची साथ, अर्धा सह्याद्री आडवा, आणि दहा वर्षं. आम्हाला तयार धावपट्टीवरून बंद पडलेलं विमान पुन्हा उडवायला पंधरा लागली. मध्ये रूळही टाकायचे नव्हते.

का लागली? पहिलं कारण सगळ्या सोलापूरला पाठ आहे. विमानतळाच्या शेजारी श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखाना, त्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची चिमणी नव्वद मीटर उंच, आणि ती विमानाच्या उतरण्याच्या वाटेवर. या चिमणीने जेवढी माणसं समोरासमोर उभी केली तेवढी कुठल्या निवडणुकीनेही केली नसतील. एकीकडे सोलापूर विकास मंचाचं चक्री उपोषण, चिमणी पाडा. दुसरीकडे कारखान्याचे सभासद शेतकरी, आमचा ऊस कुठे घालायचा ते आधी सांगा. नोटिसा, सुनावण्या, कोर्ट, मुदतवाढ. शहरातला माणूस म्हणे, कारखाना माजलाय. गावातला म्हणे, तुम्हाला विमानात बसायचंय म्हणून आमचं गाळप बंद करता काय. खरं सांगायचं तर दोघांचंही म्हणणं खरं होतं. खोटं होतं ते एवढंच की विमानतळाच्या नाकासमोर नव्वद मीटरचं काही उभं राहत असताना ते कोणाच्या नजरेस पडलं नाही. एवढी मोठी वस्तू न दिसणं ही दृष्टीची नाही, कार्यालयाची व्याधी आहे.

१५ जून २०२३ ला चिमणी स्फोट करून पाडली. काही सेकंदांत. त्या मोकळ्या झालेल्या हवेतून पहिलं नियमित प्रवासी विमान उतरलं ९ जून २०२५ ला. दोन वर्षांना सहा दिवस कमी. आता चिमणी नव्हती, मग विमान अडलं कशाला? परवान्याला. दुरुस्तीला. कुंपणाला. विमान कंपनीला. चिमणी उभी होती तेव्हा एक सोय होती, बोट दाखवायला काहीतरी होतं.

या दोन वर्षांच्या मध्ये उद्घाटन तेवढं वेळेवर झालं. २९ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधानांनी दूरस्थ पद्धतीने सोलापूरचा विमानतळ देशाला अर्पण केला. त्याआधी तीन दिवस त्यांचा पुण्याचा दौरा ठरला होता, तो पावसाने रद्द झाला. तेव्हा दिल्लीत बसूनच बटण दाबलं. दिल्ली ते सोलापूर, शून्य मिनिटं. आतापर्यंतचा विक्रमच. वर्षाला ४ लाख १० हजार प्रवाशांची सोय असलेलं टर्मिनल, असं सरकारी पत्रकात म्हटलं होतं. भागाकार करा : रोज अकराशेच्या वर माणसं. ७६ खुर्च्यांच्या विमानाच्या रोज पंधरा भरलेल्या फेऱ्या. प्रत्यक्षात उद्घाटनानंतर आठ महिने अकरा दिवस एकही तिकिटाचा प्रवासी तिथून चढला नाही. सोलापुरातला एखादा म्हणाला असेल, “का बे, विमानतळ झाला म्हणं?” “झाला की.” “मग विमान?” “ते वेगळ्या खात्याकडं असतंय.”

आणि मग विमान आलं ते गोव्याचं! फ्लाय ९१ कंपनी मूळची गोव्याची, तिने आपल्या मोपा विमानतळाहून सोलापूरला विमान जोडलं. पंधरा वर्षं मागणी मुंबईची, मंत्रालयात फायली घेऊन जायचं म्हणून, मिळाला समुद्रकिनारा. समुद्री मैलांचा हिशोब इथे कुठेतरी लागला म्हणायचा. थट्टा बाजूला ठेवून सांगतो, गोवा, मुंबई, बेंगळूरू या तिघांत गोव्याचं विमान सगळ्यात कामाचं निघालं. सोलापूर ते मोपा हवाई अंतर तीनशे किलोमीटरच्या जवळपास. रस्त्याने जायचं तर घाट, वळणं आणि आठ-नऊ तास. रेल्वेने जायचं तर गाड्या बदलत जा. तिथे विमान खरोखर दिवस वाचवतं. बेंगळूरूचंही तसंच. हवाई अंतर सव्वापाचशे किलोमीटर, आगगाडीने रात्र काढून वर सकाळही घालवायची. आमच्या प्रत्येक गल्लीतली दोन तरी पोरं तिथे संगणकापुढे बसलेली आहेत, त्यांच्या आईबापांना हे विमान म्हणजे मोठी सोय.

मुंबईचं तसं नाही, आणि हे बोलायला कोणी तयार नाही. सोलापूर हे मुंबई-चेन्नई मार्गावरचं जुनं ठाणं. १८६३ पासून इथून मुंबईला जायची सलग सोय आहे. रेल्वेने ४५५ किलोमीटर पडतात, कारण गाडी कुर्डुवाडी, दौंड, पुणे, लोणावळा करत, वळसे घेत जाते. पण ती जाते. १० फेब्रुवारी २०२३ पासून वंदे भारतही धावतेय, साडेसहा तासांत. आणि सिद्धेश्वर एक्स्प्रेस तर सोलापूरकरांच्या घरातली. रात्री जेवायचं, स्टेशनवर जायचं, पांघरूण ओढायचं, डोळे उघडले की दादर. आता सांगा, हे आठ तास कुठल्या खात्यात धरायचे? झोप तर घरीही काढलीच असती. वेळ वाचवण्याची सगळी यंत्रं जागेपणाचा आणि झोपेचा मिनिट सारखाच मोजतात. त्या हिशोबाने सिद्धेश्वर आठ तासांची. आमच्या हिशोबाने शून्य.

तर मुंबईच्या विमानाचं वेळापत्रक बघू. स्टार एअरने सेवा सुरू केली तेव्हा विमान होतं दुपारचं, तेही आठवड्याचे सगळे दिवस नाही. जुळे सोलापुरातून निघून आसरा चौकावरून विमानतळावर पोचायला पंधरा मिनिटं. ही मात्र होटगी रस्त्याची खरी श्रीमंती. विमानतळ गावात आहे. तासभर आधी पोचायचं. बॅग, पट्टा, पाकीट, नाणी ट्रेमध्ये. शिदोरीतल्या कडक भाकरीवर अजून सुरक्षा तपासणीत कोणी हरकत घेतल्याचं ऐकलं नाही, पण दणकट वस्तू आहे, काळजी घ्यावी. मग तासाभराचं उड्डाण. मुंबईच्या विमानतळाला धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदणाऱ्या, त्यामुळे काम एका वेळी एकीवरच. वर आकाशात गर्दी झाली की घिरट्या घाला. उतरा, चाला, बॅग घ्या. मग मेट्रो. इथे नशीब जोरावर होतं. आरे ते कफ परेड या भुयारी मेट्रो तीनचा शेवटचा टप्पा लोकांना खुला झाला तो ९ ऑक्टोबर २०२५ ला, सोलापूरच्या विमानाच्या आठवडाभर आधी. विमानतळावरून थेट विधान भवन स्टेशन. सगळं मिळवा : घरापासून मंत्रालयाच्या पायरीपर्यंत चार तास. वंदे भारतपेक्षा अडीच-तीन तास वाचले, मान्य.

पण वाचले कधी? दुपारी. मंत्रालयाचं काम सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा, पाच दिवसांचा आठवडा, सामान्य माणसाला दुपारनंतरचा प्रवेश. दुपारच्या विमानाने गेलेला सोलापूरकर मंत्रालयात शिरेपर्यंत दुपार टळते. साहेब बैठकीला. साहेबांचे पीए साहेबांसोबत. पीएंचे शिपाई चहाला. “उद्या या.” उद्या यायचं म्हणजे मुंबईत मुक्काम, लॉजचं भाडं, आणि परतीचं विमान उद्या आहे की नाही ते बघणं. नसलं तर रात्री परत सिद्धेश्वर. म्हणजे जाताना वाचवलेले तीन तास मुंबईत रात्रभर सांभाळायचे आणि येताना रेल्वेत परत करायचे.

आता दिल्लीच्या माणसाचं बघा. दिल्ली ते मुंबई हवाई अंतर ११४० किलोमीटरच्या आसपास, सोलापूरच्या तिप्पट. तो पहाटेचं विमान पकडतो, दहाला मुंबईत असतो, दिवसभर कामं उरकतो, रात्रीच्या विमानाने परततो आणि घरच्या अंथरुणावर झोपतो. अंतर तिप्पट, एका दिवसात जाऊन येऊन मोकळा. ३६० किलोमीटरवरच्या सोलापूरकराला त्याच कामाला दोन दिवस. मग मंत्रालयापासून लांब कोण, दिल्ली की सोलापूर? हे त्या मोबाइलमधल्या यंत्राला विचारा. ते म्हणेल, सोलापूर जवळ. म्हणूनच त्याचं ऐकू नये.

सकाळचं विमान का मिळत नाही, यालाही कारण आहे, आणि ते सोलापूरचं नाही. मुंबईत सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत धावपट्टीवरचा एकेक स्लॉट सोन्याच्या मोलाचा. तिथे पावणेदोनशे माणसं घेऊन दिल्लीला जाणारं विमान एका बाजूला आणि ७६ माणसं घेऊन सोलापूरला जाणारं दुसऱ्या बाजूला उभं राहिलं, तर जागा कोणाला मिळणार? म्हणून लहान गावांच्या वाट्याला दुपार येते. कोणाला नको असलेली. शिवाय पहाटे सोलापुरातून विमान निघायचं तर ते आदल्या रात्री इथे उतरून मुक्कामाला राहायला हवं. त्यासाठी नाईट लँडिंग हवं. त्याची मागणी आहे. मागण्यांच्या बाबतीत सोलापूर कधीच मागे नव्हतं.

या विमानाला पैसा कोण देतो, तेही जाता जाता. राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये या मार्गासाठी एक वर्षापुरता व्यवहार्यता तफावत निधी मंजूर केला. नाव ऐकून घाबरू नका. तिकीट स्वस्त ठेवायचं, खर्च जास्त येतो, मधला फरक सरकारने कंपनीला भरून द्यायचा, एवढाच अर्थ. सरकार म्हणजे आपण. अक्कलकोटहून एसटीत दांडीला धरून उभा आलेला माणूसही त्यात आपला वाटा घालतो. त्याला आमचा विरोध नाही. रस्त्यालाही सरकारच पैसे देतं. पण ज्या विमानाचा फरक आपण भरतो, त्याची वेळ ठरवताना आपल्याला विचारायला काय हरकत होती?

मध्यंतरी एक मोठं स्वप्नही पडून गेलं होतं. बोरामणी. हैदराबाद रस्त्यावर नवा, मोठा, आंतरराष्ट्रीय म्हणतात तसला विमानतळ. साडेपाचशे हेक्टरच्या आसपास जमीन शेतकऱ्यांकडून घेतली आणि थोड्याशा वनजमिनीवर गाडी अडली. आडवा आला माळढोक. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ सालचं. त्याची मूळ हद्द आठ हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे अर्धा जिल्हा अभयारण्यात आणि अर्धा कोर्टात. माळढोक हा उडणाऱ्या पक्ष्यांतला सर्वांत वजनदारांपैकी एक. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. विमानात चेक-इनला फुकट नेता येणारी बॅग नेमकी तेवढीच. आज नान्नजच्या माळावर तो दिसणं हीच बातमी होते. म्हणजे पक्षी वाचला नाही, विमानतळ झाला नाही, आणि जमिनी देऊन बसलेला शेतकरी त्या माळावर दोघांचीही वाट बघत राहिला. एका दगडात तीन पक्षी मारायचं कसब आमच्या प्रशासनाकडून शिकावं.

विमानाच्या बाजूने बोलणारे पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूरचं नाव घेतात. तीन मोठी क्षेत्रं हाताशी, भाविक विमानाने येतील म्हणतात. येतील की. स्वामी समर्थांच्या दर्शनाला बेंगळूरूहून येणारा नक्की येईल. पण पंढरीचं उदाहरण देऊ नये. आळंदीहून अडीचशे किलोमीटर वीस दिवस चालत येणाऱ्याला वेळ वाचवायचा नसतोच. उलट खरी मागणी दुसरीकडे आहे. आमच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक घरांत विचारा, कुठलं विमान हवं? तिरुपती. हैदराबाद. हैदराबादचं हवाई अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या आत, तिरुपतीचं सहाशेच्या आत. ज्या गावातले कित्येक संसार सासर-माहेर, लग्न-बारसं यासाठी तेलंगणाकडे बघतात, त्या गावाला पहिलं विमान समुद्राकडे नेणारं मिळतं. विमान कंपनीचा नकाशा आणि माणसांचा नकाशा एकच असावा, असा काही कायदा नाही.

आणि पुणे? सोलापूरचा सगळ्यात जास्त प्रवास पुण्याचा. रविवारी रात्री सात रस्त्यावर उभे राहा. खासगी बसमागून बस, सगळ्या भरलेल्या, सगळ्यांत विशी-पंचविशीची पोरं, पाठीवर सॅक, सॅकमध्ये शेंगाची चटणी. सोमवारी सकाळी ती हिंजवडी, हडपसर, चाकणला हजर. हवाई अंतर २३७ किलोमीटरच्या आसपास. या पोरांसाठी विमान कोणी मागत नाही, मागूही नये. त्यांना विमानतळ नको आहे, सोलापुरात नोकरी हवी आहे. म्हणजे अंतरच उरणार नाही. पण त्याची फीत कापता येत नाही. निदान अजून कोणी तसली फीत शिवलेली नाही. टॉवेल-चादरींच्या गावात कापडाची टंचाई नव्हती.

अंतराचाच विषय निघालाय तर आणखी एक अंतर मोजून टाकू. उजनी धरण ते सोलापूर शहर, जलवाहिनीने ११० किलोमीटरच्या आसपास. धरण शंभर टक्के भरल्याची बातमी येते त्याच आठवड्यात शहरातल्या बाया नळाचा वार मोजत असतात. वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड पाणी. दुसरी, समांतर जलवाहिनी घालायची म्हणून ठरलं, त्यावर ठेकेदार बदलले, अंदाजपत्रकं बदलली, सत्ता बदलल्या. पाण्याचा वेग फारसा नसतो, तरी ११० किलोमीटर कापायला त्याला इतकी वर्षं लागू नयेत. आता परिस्थिती अशी की आठवड्यातल्या ठरावीक वारी विमान आणि ठरावीक वारी पाणी. दोन्हीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवून ठेवायचं. चुकून एकाच वारी दोन्ही आलं तर घरातल्या बाईने विमान सोडावं आणि पाणी भरावं. विमान निदान पुढच्या वारी येतं याची खात्री आहे.

सोलापूर आणि मुंबई यांच्यातलं आणखी एक अंतर आहे, ते किलोमीटरमध्ये निघत नाही. २०२० पासून जिल्ह्याचे पालकमंत्री बघा. दिलीप वळसे-पाटील आंबेगावचे. जितेंद्र आव्हाड मुंब्रा-कळव्याचे. दत्तात्रय भरणे इंदापूरचे. राधाकृष्ण विखे-पाटील शिर्डीचे. चंद्रकांत पाटील कोथरूडचे. जयकुमार गोरे माणचे. अकरा आमदार निवडून देणाऱ्या जिल्ह्याला पालक कायम बाहेरगावचा. एकेकाळी याच जिल्ह्याने राज्याला मुख्यमंत्री आणि देशाला गृहमंत्री दिला, त्याही काळात विमान बंदच होतं, त्यामुळे सगळा दोष पाहुण्यांच्या माथी मारता येत नाही. पण पालकमंत्री येतात कसे, हे महत्त्वाचं. हेलिकॉप्टरने किंवा ताफ्याने. ध्वजारोहणाला आणि नियोजन समितीला. त्यांना दुपारच्या विमानाची अडचण कळणार कुठून? त्यांचं विमान त्यांच्या वेळेला निघतं.

म्हणून त्यांना विनंती एकच. नवं विमान मागू नका, नवा विमानतळ तर मुळीच मागू नका. जे आहे त्याची वेळ बदलून घ्या. सकाळी सातला सोलापूर सोडणारं आणि रात्री आठनंतर मुंबई सोडणारं विमान द्या, आठवड्याचे कामाचे पाचही दिवस. मुंबईत स्लॉट नाही म्हणता? नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालंय ८ ऑक्टोबर २०२५ ला, नवा आहे, तिथून मागा. उलव्याहून अटल सेतूवरून मंत्रालय काही लांब नाही. होटगी रस्त्यावर रात्री विमान उतरवायला दिवे लागतात, ते लावा. पंधरा वर्षं वाट बघून, चिमणी पाडून, वर करातून तफावत भरून सोलापूरने जे मिळवलं, ते कामाच्या वेळेला मिळावं, एवढंच मागणं आहे. आपल्या भागातले आमदार-खासदार भेटले की वाचकांनीही त्यांना हाच एक प्रश्न विचारावा : विमान किती वाजता? किती वेळ लागतो ते विचारू नका, ते सगळ्यांना पाठ आहे.

आणि उत्तर येईपर्यंत सिद्धेश्वरचं रिझर्व्हेशन काढून ठेवा. साठ दिवस आधी खुलं होतं.